अण्णांची बहीण आणि दोन दोऱ्यांचा पतंग

माझ्या बायकोला कुणी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं विचारलं, की ती "येवल्याची" म्हणते आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबते. समोरचा बहुतेक वेळा "अच्छा, पैठणी!" म्हणतो. झालं, बाईसाहेबांचा चेहरा पडतो. पैठणी तिच्याकडे एकच आहे, लग्नातली, आणि तीही शारजातून उम्म अल कुवैनला घर हलवताना कुठल्या बॅगेत गेली ते आम्हाला दोन वर्षं सापडलं नव्हतं. तिच्या लेखी येवलं म्हणजे संक्रांतीचे तीन दिवस, गच्च्या, हलग्या, पतंग आणि अण्णा. त्यातही आधी अण्णा, मग बाकीचं.

अण्णा म्हणजे अण्णासाहेब, माझ्या बायकोचे, सुनेत्राचे, थोरले बंधू. येवल्यात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. माणूस दिवसभर जळक्या मोटारींत डोकं घालून बसायचा, पण पौष लागला की दुकान वाऱ्यावर आणि हे गच्चीवर. त्यांच्या घरात एक नियम होता. पतंग मुलांनी उडवायचा आणि आसारी मुलींनी धरायची. आसारी म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी. ती धरणाऱ्याला वर बघायची सोय नसते. पतंगवाला "ढील!" म्हणाला की सोडायची, तो हापसायला लागला की भराभर गुंडाळायची. सुनेत्राने सात-आठ वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत हेच केलं. ती म्हणते, तिने अण्णांचे पतंग कधी नीट पाहिलेच नाहीत, नुसते हातावर ओळखले. दोरा कसा पळतोय त्यावरून पेच लागलाय का, वारा पडलाय का, हे तिला कळायचं. आणि कानावर अखंड अण्णांचा आवाज. "सुने, झोपलीस का? सोड! सोड ना! अक्कल आहे का नाही तुला?"

मी शैलेंद्र. इथल्या, उम्म अल कुवैनच्या, इंडस्ट्रियल एरियात माझं एसीच्या डक्टचं वर्कशॉप आहे. पत्रा कापायचा, वाकवायचा, साइटवर नेऊन चढवायचा. सुनेत्रा घरून डबे आणि फराळाच्या ऑर्डरी करते. इथल्या मराठी मंडळींत तिची भाजणी प्रसिद्ध आहे आणि तिचं बोलणंही. लग्न होऊन मी तिला शारजात आणली तेव्हा विमानतळावर अण्णांनी मला बाजूला घेतलं होतं. मला वाटलं, आता माणूस रडणार. तर ते म्हणाले, "शैलेंद्रराव, हिला मधूनमधून ओरडत जा. नाहीतर ती सुस्तावते."

पण ओरडायचं काम त्यांनी माझ्यावर सोडलं नाही. वर्षानुवर्षं दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. सुनेत्रा ओट्यावर फोन स्पीकरला लावून ठेवायची आणि लाडू वळत ऐकायची. ईश्वरी वाळली का, शैलेंद्ररावांची बीपीची गोळी चालू आहे का, तू गाडी एवढी जोरात का चालवतेस, हे तुला वाळवंटात कुणी शिकवलं. ईश्वरी ही आमची मुलगी. तिचं तर "मामा इज सो लाउड" एवढंच मत होतं. मी पेपरात तोंड घालून बसायचो आणि मनात म्हणायचो, एका माणसाने दुसऱ्याला तासभर शिव्या घालायच्या आणि दुसऱ्याने हसत लाडू वळायचे, ही कसली भाऊ-बहिणीची माया! पण फोन ठेवल्यावर ती दिवसभर गुणगुणत असायची, हेही मी पाहत होतो.

गेल्या ऑगस्टमध्ये अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

सुनेत्रा मिळेल त्या विमानाने गेली. महिनाभर राहिली. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना सगळं कळतंय, शब्द तेवढे अडकलेत. बोलायला लावा, सारखं बोलायला लावा, येईल हळूहळू. बोलायला शिकवणारी एक बाई घरी यायला लागली. पहिल्याच दिवशी तिने त्यांना "आई" म्हणायला सांगितलं. अण्णांच्या तोंडून काहीतरी घोगरं, वेडंवाकडं बाहेर पडलं. तो आवाज त्यांचा त्यांनीच ऐकला. आख्खं येवलं ज्याच्या हाळीने वळून बघायचं त्या माणसाने तो आवाज ऐकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. बाई आली की भिंतीकडे तोंड. नर्मदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हात जोडले. सुनेत्राने चिडून पाहिलं, रडून पाहिलं. ते छताच्या पंख्याकडे बघत पडून राहायचे. निघताना ती पाया पडली, तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

परत आल्यावरच्या एका रविवारची गोष्ट. दुपारची वेळ. सुनेत्रा ओट्याशी लाडू वळत होती आणि फोन नेहमीच्या जागी ठेवलेला होता. बंद. सवयीने ठेवला असणार. मी पाणी प्यायला आत गेलो तर ती म्हणाली, "अहो, मला ओरडायला कुणी राहिलंच नाही हो."

"मी आहे ना," मी म्हणालो.

"तुमचं वेगळं. तुम्ही चिडता. तो ओरडतो."

मला जरा लागलं. पण तिचं खरं होतं. माझ्या ओरडण्यात माझी कटकट असते, अण्णांच्या ओरडण्यात सुनेत्रा असायची.

दिवाळीच्या आधी बाल्कनी आवरताना तिला एक बॅग सापडली. आत ईश्वरीने दोनेक वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला पतंग. ती अबुधाबीत नोकरीला आहे, खलिफा सिटीत राहते, आणि तिथे विमानतळ डोक्यावर, त्यामुळे पतंगबितंग बंद. म्हणून तो आमच्याकडे येऊन पडला. सुनेत्राने तो बाहेर ओढला. कागद नाही, कामट्या नाहीत. नुसतं निळं-पिवळं रेशमासारखं कापड, आतून उशीच्या अभ्र्यांसारखे कप्पे शिवलेले, खाली बारीक दोऱ्यांचं जंजाळ आणि त्याला दोन लांब दोऱ्या, दोन मुठी.

"हा पतंग?" ती म्हणाली. "हे तर कुणाचं तरी बनियन आहे. दीडशे दिरहम दिले होते पोरीने! म्हणजे साडेतीन हजार रुपये!"

मग तो गोळा मांडीवर घेऊन बसून राहिली. संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मी हा शिकणार. संक्रांतीला अण्णाला फोनवर दाखवणार. पतंग असा वर चढलेला बघितला ना, की तो बोलेल. बघाच तुम्ही."

"अगं, त्यांच्या खिडकीबाहेर शेकड्याने पतंग उडणार आहेत. त्यांना तुझा कशाला पाहिजे?"

"खिडकी बंद करून घेतो तो. वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे तरी बघेल."

जिला भावाचा एक शब्द ऐकायचाय तिच्याशी काय वाद घालायचा! पण मनात म्हटलं, हिच्या हातात जन्मात कधी पतंग आलेला नाही. आसारी धरणं वेगळं आणि उडवणं वेगळं.

पुढच्या रविवारी आम्ही समुद्रावर गेलो. माझा मित्र लियाकत सोबत होता. त्याचं शारजा इंडस्ट्रियलमध्ये एसीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, माणूस मूळचा लाहोरचा. पतंग म्हटल्यावर तो दुकान टाकून आला. "भाभीजी, पतंग तो हमारे खून में है," असं म्हणत त्याने बाह्या वर केल्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

या दोन महारथींनी काय केलं असेल? पतंगाला दोन दोऱ्या कशासाठी, हे दोघांनाही पटेना. सुनेत्रा म्हणाली, ही चिनी लोकांची चूक असणार. मग तिने दोन्ही दोऱ्या मुठींपासून सोडल्या, एकीला एक गाठ मारून एकच लांब दोरी केली, खालचं जंजाळ एकत्र करून त्याची येवल्याच्या पद्धतीने कन्नी, म्हणजे मांजा जोडायचा फास, बांधला आणि माझ्या वर्कशॉपमधल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर सगळी दोरी गुंडाळली. पाइप माझ्या हातात दिला.

"धरा. मी म्हटलं की सोडायचं."

लियाकत कापड घेऊन लांब गेला आणि त्याने ते वर फेकलं. वाऱ्याने कप्पे फुगले. पतंग सरसर वर गेला, आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही बरं वाटलं. "सोडा! अहो सोडा ना! झोपलात का?" सुनेत्रा ओरडली. तो आवाज, ती पट्टी, तो राग, सगळं अण्णांचं. मी घाबरून पाइपच सोडून दिला. पतंग वर दोनदा डुलला, उलटा झाला आणि नाक खाली करून वाळूत शिरला.

"पतंगच खोटा आहे," सुनेत्रा म्हणाली. "काड्याच नाहीत त्याला."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो. त्यावर ती गाडीत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रात्री तिने ईश्वरीला फोन केला. पोरगी आधी पोट धरून हसली. "आई! यू टाइड देम टुगेदर? ओ माय गॉड! टू लाइन्स, टू हँड्स. इट्स लाइक अ सायकल. उजवा ओढलास की राइट, डावा ओढलास की लेफ्ट. दॅट्स इट."

"आणि ढील कशी द्यायची?"

"व्हॉट ढील? देअर इज नो ढील, आई."

सुनेत्राने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ढीलच नाही म्हणे. मग पतंग कसला तो?"

पण शिकायला बसली. व्हिडिओ पाहिले. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे वारा पाठीवर. पतंग जमिनीवर उताणा टाकायचा, त्याच्या मागच्या कडेवर मूठभर वाळू ठेवायची, नाहीतर तो आपल्याआधीच उडतो. दोऱ्या मोकळ्या करत मागे मागे यायचं. दोन्ही मुठी एकदम कमरेकडे ओढायच्या, एक पाऊल मागे, की कप्पे फुगून पतंग आपोआप उभा राहतो. फेकणारा नको, आसारी धरणारा नको. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

पतंग चढायला लागला, पण एक मोठी खोट होती. तो सारखा डावीकडे गिरक्या घ्यायचा. तिने वाऱ्याला दोष दिला, समुद्राला दिला, एकदा मलाही दिला, कारण मी डाव्या बाजूला उभा होतो. मी पत्र्याचा माणूस. एक बाजू आखूड असली की डक्ट तिकडे ओढतो, हे मला रोज दिसतं. दोऱ्या वर्कशॉपमध्ये नेल्या, दोन्हींचं एकेक टोक एका खिळ्याला अडकवून ताणल्या. एक चांगली वीतभर आखूड. गाठ सुटेना म्हणून हिने कात्री चालवली होती ती अशी. दोन्ही सारख्या करून आणल्या, तर म्हणाली, "मला वाटलंच होतं." आभार मानायची पद्धत येवल्यात नसावी.

पुढची अडचण मात्र पत्र्याच्या माणसाला सुटणारी नव्हती. ती तिच्या हातात होती. आपला साधा पतंग गोता खायला लागला की ढील द्यायची. दोरा सैल झाला की तो गरकन फिरतो, तोंड वर झालं की खेचायचा. येवल्याचं सगळं शहाणपण त्या ढिलेत आहे. या पतंगाला दोरी मोजून दिलेली. तो गोता खायला लागला की घाबरायचं नाही आणि सैल तर सोडायचंच नाही. उजवीकडे पडत असेल तर डावी मूठ शांतपणे कमरेशी ओढायची, तो वळतो आणि वर येतो. सुनेत्राला हे तोंडपाठ होतं. पण पतंगाने नाक खाली केलं की तिचे दोन्ही हात पुढे जायचे, पाय वाळूत पुढे धावायचे. सैल पडलं की कापडातली हवा जायची आणि ते धप्पकन खाली. पुन्हा पुन्हा तेच. बारा वर्षं आसारी धरलेले हात ते, त्यांना "ढील" एवढंच ठाऊक. लियाकत बाजूला उभा राहून "ढील दो भाभी, ढील!" म्हणून आणखी घोळ घालायचा. शेवटी तिनेच त्याला सांगितलं, "लियाकतभाई, खलास. आप चाय पीओ."

एका शमालच्या दिवशी, म्हणजे इथला वायव्येचा वारा सुटला होता तेव्हा, मी नको म्हणत असताना गेली. वारा एवढा, की पतंगाने तिला वाळूतून फरफटत नेली. गुडघे सोलले, चष्म्याची काडी मोडली. मी जाम चिडलो. "साठीकडे आलीस! कुणासाठी चाललंय हे? तिकडे त्या माणसाला बघायचंसुद्धा नाहीये!"

ती वाळूत बसून राहिली. मग म्हणाली, "अहो, हा पतंग कुठे ओढतो बघितलंत का? वारा समुद्रावरून येतो ना. मी पाठ करून उभी राहते, तेव्हा माझं तोंड तिकडे असतं." तिने हात केला. समोर पार्किंग, त्यामागे वाळू, त्यामागे हायवे. पण दिशा बरोबर होती. सरळ तशीच रेघ ओढत गेलं तर वाळवंट संपेल, समुद्र लागेल, आणि पलीकडे आपला किनारा. "तो मला तिकडे ओढतो," ती म्हणाली. "फार बरं वाटतं. हात दुखले तरी बरं वाटतं." मी तिचा गुडघा धुतला. त्यानंतर मी तिला कधी अडवलं नाही.

डिसेंबरमध्ये एक दिवस तिचे हात एकदाचे वळले. पतंग उजवीकडे कोसळत होता, आणि तिची डावी मूठ आपसूक कमरेशी आली. पतंग जमिनीच्या हातभर वरून वळला आणि सळसळत वर गेला. ती ओरडली नाही की हसली नाही. तिने तो पुन्हा खाली आणला, पुन्हा वळवला. त्या दिवसापासून बाई सुटली. आडव्या आठाचे वेढे काढायची, एका बाजूला नेऊन स्थिर उभा करायची, पीळ पडला की उलट्या गिरकीने सोडवायची. समुद्रावर आलेले लोक समुद्र सोडून हिच्याकडे बघायचे. मला अभिमान वाटायचा आणि भीतीही वाटायची. एवढं करून तो माणूस नाही बोलला, तर?

संक्रांत आठवड्याच्या मध्येच आली. मी वर्कशॉपमधून लवकर निघालो. सुनेत्राने तिळगुळाच्या ऑर्डरी आदल्या दिवशीच देऊन टाकल्या होत्या. काळी साडी नेसली होती, पायात माझे बूट. वारा हवा तसा, एकसारखा. तिने पतंग चढवला आणि मला म्हणाली, "यल्ला, चला, लावा फोन." व्हॉट्सॲपवरून इथे फोन लागत नाही, त्यासाठीचं वेगळं ॲप आम्ही दोन्हीकडे टाकून ठेवलं होतं.

पलीकडे नर्मदावहिनी. त्यांच्या फोनमधून बाहेरच्या हलग्या ऐकू येत होत्या, मधूनच गच्च्यांवरून "वकाट!" असा कल्ला, म्हणजे कुणाचा तरी पतंग कापला. अण्णांच्या खोलीची खिडकी बंद. वहिनींनी त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. दाढी वाढलेली. वहिनींनी फोन त्यांच्यासमोर धरला. "बघा हो, तुमची बहीण बघा काय करतेय."

मी फोन असा धरला, की पतंग दिसेल आणि सुनेत्राही. ती जीव ओतून उडवत होती. वेढे काढले, जमिनीलगत सरकत नेला, पार डोक्यावर नेऊन उभा केला. एक चूक नाही. तिला वर बघायला लागत होतं, फोनकडे बघता येत नव्हतं. "काय करतोय? बघतोय का?"

"बघतायत, बघतायत," मी म्हणालो. आणि ते बघत होते, खोटं नाही. पण जसे पंख्याकडे बघायचे तसे.

"बोलला का काही?"

तिने आणखी एक वेढा काढला, पहिल्यापेक्षा देखणा. "अहो, बोलला का?"

"रेंज जरा..." मी म्हणालो. माझा आवाज तिला कळला असणार. चाळीसेक वर्षांचा संसार, आवाज कळतोच. तिने मान वळवून फोनकडे पाहिलं.

तेवढ्यात पतंगाने नाक खाली केलं. उजवीकडे तो कोसळायला लागला. आणि माझ्या हातातल्या फोनमधून आवाज आला. घोगरा, फाटका, अर्धा घशात अडकलेला. "ढी... ढी... ढील! ढील दे!"

आता नीट ऐका. वेळ होता. पतंग अजून बराच वर होता आणि सुनेत्राची डावी मूठ कमरेकडे निघाली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. वीतभर आणखी ओढली असती तर पतंग वळला असता. तिला ते माहीत होतं. तिथल्या वाळूतल्या कुणापेक्षाही चांगलं माहीत होतं. ती मूठ अर्ध्यात थांबली. मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि पतंगाकडे धावली, लहान मुलीसारखी, जमेल तेवढी ढील देत. कापडातली हवा गेली. पतंग धप्पकन वाळूत पडला.

"अ... अक्कल," फोनमधून आवाज आला. अण्णांचा चेहरा लाल झाला होता, डावा हात हवेत. "अक्कल नाही!"

पलीकडे वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. सुनेत्रा फोनपाशी आली, गुडघ्यांवर बसली. रडत होती आणि हसत होती. "चुकलं, अण्णा," ती म्हणाली. "पुन्हा चढवते."

याला मी चमत्कार म्हणणार नाही, म्हणायचा मला हक्कही नाही. अण्णा अजून पाणी बोटानेच मागतात. वहिनींना नावाने हाक मारत नाहीत, सुनेत्रालाही नाही. शिकवणारी बाई आली की अजून भिंतीकडे बघतात. त्यांचे शब्द आहेत तेवढे पतंगाचे आणि रागावण्याचे, आणि तेही फक्त रविवारी दुपारी.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा फोन लावला. पतंग छान वर स्थिर होता, वाराही उत्तम, आणि अचानक तिने तो पाडला. मी नवऱ्याच्या जातीला जागून खेकसलो, "अगं, नीट बघ की! एवढं येतंय तुला आता!" तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोनमधून अण्णा बोलले, "खेच! खेच ना!" तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.

आता माझी बायको उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर सगळ्यांत चांगला पतंग उडवते. लियाकत तिला उस्ताद म्हणतो. ती पतंग चढवते, मी फोन लावतो, वहिनी अण्णांना उशांना टेकवतात. मग ती हात सैल सोडते आणि पतंग पाडते. आम्ही दोघंही श्वास रोखून फोनकडे कान लावतो. कधी ते ओरडतात. पुष्कळदा नाही ओरडत. नाही ओरडले, तर ती पतंगावरची वाळू झटकते, तो पुन्हा चढवते आणि पुन्हा पाडते.